सिलिकॉनच्या सोयरिकी

जानेवारी २०१५मध्ये अमेरिकेतल्या लास वेगस शहरात एनव्हीडिया या कंपनीने एक नवी चिप लोकांपुढे ठेवली. तिचे नाव ‘टेग्रा एक्स-१’. त्या कार्यक्रमात कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग बोलले ते मुख्यतः मोटारींबद्दल. अशा दोन चिपा एका पाटीवर बसवून केलेला ‘ड्राइव्ह पीएक्स’ नावाचा संगणक त्यांनी दाखवला. गाडीभोवतीच्या बारा कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळी घ्यायची आणि रस्त्यावर काय चालले आहे ते ओळखायचे, हे त्याचे काम. दोन वर्षांनी, मार्च २०१७मध्ये, निन्टेंडो या जपानी कंपनीने ‘स्विच’ हे हातात धरून खेळायचे यंत्र बाजारात आणले. त्यातही तीच टेग्रा एक्स-१ होती. पुढे ही यंत्रे पंधरा कोटींहून अधिक विकली गेली.

मुलांच्या खेळण्यात आणि माणसांची ने-आण करणाऱ्या मोटारीत एकच चिप कशी चालते, हा पहिला प्रश्न. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा, की ती कोणाची चिप असावी हे ठरते कसे? गेम कन्सोल आणि चालकविरहित मोटार या दोन बाजारांत चिप-कंपन्यांची गेली पंचवीस-तीस वर्षे चढाओढ सुरू आहे. एकदा सौदा जमला की तो सात-आठ वर्षे टिकतो, त्यामुळे प्रत्येक सौद्यासाठी झुंबड उडते. या सौद्यांचा इतिहास ओळीने लावून पाहिला, तर सर्वांत वेगवान चिप जिंकली असे क्वचितच दिसते. खरी ओढाताण तीन गोष्टींवर झालेली आहे : आराखड्याची मालकी कोणाची, उत्पादनखर्च उतरला की त्याचा फायदा कोणाला, आणि वस्तू विकल्यानंतरही तिच्यातून येत राहणाऱ्या पैशात वाटा कोणाचा. मोटारीच्या बाबतीत चौथी गोष्ट जोडली गेली : चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे.

चित्र काढणे आणि चित्र वाचणे

खेळाच्या यंत्राला नेमके काय करावे लागते? पडद्यावर ठिपक्यांची जाळी असते. साध्या हाय डेफिनिशन पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके. खेळाच्या जगात भिंत कुठे, दिवा कुठे, धावणारा माणूस कुठे, हे आकड्यांत लिहून ठेवलेले असते. त्या आकड्यांवरून प्रत्येक ठिपक्याचा रंग काढायचा, तोही सेकंदाला साठ वेळा. एकेक हिशोब साधा असतो, गुणाकार आणि बेरीज. पण असे हिशोब अब्जावधी. संगणकाचा मुख्य प्रोसेसर एखाद्या हुशार कारकुनासारखा असतो, अवघड कामे एकामागून एक उरकणारा. ग्राफिक्स प्रोसेसर म्हणजे हजार मुलांना एकाच वेळी एकेक सोपे गणित घालणारी शाळा.

चालकविरहित मोटारीचे काम याच्या उलट आहे. तिथे कॅमेरा ठिपके देतो आणि त्या ठिपक्यांवरून जग ओळखायचे असते : हा सायकलवाला, ही नुसती सावली, हा रस्त्यावरचा पांढरा पट्टा. कन्सोल चित्र काढतो, मोटार चित्र वाचते. पण वाचण्याची जी पद्धत यशस्वी ठरली, ती म्हणजे न्यूरल नेटवर्क, तिच्याही मुळाशी गुणाकार आणि बेरीज यांचाच डोंगर आहे. २०१२मध्ये टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रे ओळखण्याच्या एका स्पर्धेत सर्वांना मोठ्या फरकाने मागे टाकले. त्यांनी आपले नेटवर्क शिकवले होते ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या एनव्हीडियाच्या दोन ग्राफिक्स कार्डांवर. खेळासाठी बांधलेली ती हजार मुलांची शाळा दुसऱ्याच विषयात अव्वल निघाली.

दोन्हीकडे वेळेचे बंधनही सारखेच कडक. सेकंदाच्या साठाव्या हिश्श्यात उत्तर आले नाही, तर खेळात चित्र अडखळते. ताशी नव्वद किलोमीटरने धावणारी मोटार तेवढ्या वेळात सुमारे बेचाळीस सेंटिमीटर पुढे गेलेली असते.

साम्य इथे संपते. कन्सोल दिवाणखान्यात बसून असतो. मोटारीतली चिप उन्हात भाजते, हिमात गारठते, खड्ड्यांनी हादरते आणि तरी तिने दहा-पंधरा वर्षे काम करावे अशी अपेक्षा असते. खेळात एखादा ठिपका चुकीचा रंगला तर कोणाच्या लक्षातही येत नाही. मोटारीसाठी मात्र ‘आयएसओ २६२६२’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २०११मध्ये आले. एखादा भाग बिघडला तर काय होईल आणि तो बिघाड वेळेत कसा पकडला जाईल, हे आधीच दाखवून द्यावे, असे ते सांगते. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी एकच गणित दोन गणकांकडून करून घेऊन ताळा पाहिला जातो.

मोडलेला सौदा आणि पन्नास लाख डॉलर

एनव्हीडिया १९९३मध्ये तीन अभियंत्यांनी कॅलिफोर्नियात सुरू केली. १९९५मध्ये तिची पहिली चिप आली, आणि पाठोपाठ सेगा या जपानी कंपनीने आपल्या पुढच्या कन्सोलसाठी चिप बनवण्याचे काम तिला दिले. कंपनी लहान आणि काम मोठे. पण एनव्हीडियाने चित्र रचण्याची जी पद्धत निवडली होती ती वक्र पृष्ठांच्या तुकड्यांवर आधारलेली होती. बाकीचे जग त्रिकोणांनी चित्र रचण्याकडे चालले होते, आणि मायक्रोसॉफ्टने विंडोजमध्ये त्रिकोणांचीच पद्धत रूढ केल्यावर तर मार्गच बंद झाला.

त्यानंतरची हकिकत हुआंग यांनी २०२३मध्ये तैपेईतल्या राष्ट्रीय तैवान विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितली. ते सेगाच्या शोइचिरो इरिमाजिरी यांना भेटले. आमचा मार्ग चुकला आहे, तुम्ही दुसरा भागीदार शोधा, असे त्यांनी सांगितले. आणि तरीही ठरलेले पैसे पूर्ण द्या, नाही तर आमची कंपनी बुडेल, अशी विनंती केली. इरिमाजिरी यांनी ती मानली. ही रक्कम सुमारे पन्नास लाख डॉलर होती. तिने कंपनीला सहा महिन्यांचे आयुष्य दिले, असे हुआंग म्हणतात. त्या मुदतीत नव्याने, त्रिकोणांच्या पद्धतीने बनवलेली ‘रिव्हा १२८’ ही चिप १९९७मध्ये आली आणि कंपनी तरली. इरिमाजिरी सेगात येण्यापूर्वी होंडात होते. होंडाच्या प्रसिद्ध सहा सिलिंडरच्या रेसिंग मोटारसायकलचे इंजिन त्यांच्या हातचे. पुढे मोटारींचा मेंदू विकायला निघालेली कंपनी एका मोटार-अभियंत्याच्या उदारपणामुळे जगली, असे म्हणायला हरकत नाही.

सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’मध्ये शेवटी एनईसी आणि व्हिडिओलॉजिक यांची चिप बसली. त्या सौद्याची आशा लागलेली ‘थ्रीडीएफएक्स’ ही आणखी एक अमेरिकन कंपनी ऐनवेळी नाकारली गेली आणि १९९७मध्ये तिने सेगावर दावा लावला. दावा मिटला, पण कंपनी सावरली नाही. २०००च्या डिसेंबरात तिची मालमत्ता विकत घेण्याचा करार एनव्हीडियानेच केला.

उतरलेली किंमत कोणाची

कन्सोलचा धंदा एका विचित्र हिशोबावर चालतो. यंत्र खर्चाच्या आसपास, कित्येकदा तोट्यात, विकायचे. कमाई करायची ती पुढे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळावरच्या रॉयल्टीतून. म्हणून यंत्र बनवणारी कंपनी चिपच्या किमतीवर डोळा ठेवून असते. सुरुवातीला चिप महाग पडते. तंत्र सुधारते, तीच चिप आकाराने लहान होते, सिलिकॉनच्या एका चकतीतून अधिक नग निघतात, दर नगाचा खर्च उतरतो. हा उतरलेला खर्च कोणाच्या खिशात जाणार, हे सौदा करतानाच ठरवावे लागते.

मायक्रोसॉफ्टला हा धडा पहिल्याच यंत्रात मिळाला. २०००च्या मार्चमध्ये बिल गेट्स यांनी ‘एक्सबॉक्स’ जाहीर केला, तेव्हा रंगमंचामागच्या नमुना-यंत्रांत एएमडी या कंपनीचे प्रोसेसर होते आणि एएमडीचे अभियंते समोरच्या रांगेत बसलेले होते. जाहीर झाले मात्र इंटेलचे नाव. सौदा ऐनवेळी फिरला होता. एक्सबॉक्सच्या जनकांपैकी एक, शेमस ब्लॅकली, यांनी याबद्दल २०२१मध्ये एएमडीच्या प्रमुखांची जाहीर माफी मागितली. ग्राफिक्सची चिप एनव्हीडियाची होती आणि तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वीस कोटी डॉलर आगाऊ दिले होते.

यंत्र २०११च्या दहा वर्षे आधी, नोव्हेंबर २००१मध्ये, बाजारात आले. स्पर्धा सोनीच्या ‘प्लेस्टेशन २’शी होती. सोनीच्या यंत्रातल्या मुख्य चिपा सोनी आणि तोशिबा यांच्या स्वतःच्या. त्यामुळे खर्च उतरला की सोनी किंमत उतरवू शकत होती. मायक्रोसॉफ्ट मात्र तयार चिप विकत घेत होती; आराखडा तिचा नव्हता आणि कारखाना निवडण्याचा हक्कही तिचा नव्हता. २००२मध्ये किमतीवरून मायक्रोसॉफ्टने एनव्हीडियाला लवादापुढे नेले. फेब्रुवारी २००३मध्ये तडजोड झाली, पण मने फाटली ती फाटलीच. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने पुढच्या यंत्रासाठी एनव्हीडियाची प्रतिस्पर्धी एटीआय हिच्याशी करार केला. या वेळी तयार चिप न घेता आराखड्याचे हक्क घेतले. चिप कुठे बनवायची, केव्हा लहान करायची, हे आता मायक्रोसॉफ्ट ठरवणार होती. २०१०मध्ये तिने मुख्य प्रोसेसर आणि ग्राफिक्स प्रोसेसर एकाच चिपेत एकत्र केले, ते याच हक्काच्या जोरावर.

मालकीबरोबर जबाबदारीही येते. ‘एक्सबॉक्स ३६०’ हे ते दुसरे यंत्र. तापणे आणि थंड होणे यांच्या फेऱ्यांत त्याच्या चिपेच्या जोडण्या तडकत, यंत्र बंद पडे आणि समोर लाल दिवे लागत. जुलै २००७मध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्तीची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. बोट दाखवायला दुसरा कोणी नव्हता. हा प्रसंग मोटारीकडे वळल्यावर पुन्हा आठवावा लागेल.

एकाच घरातून दोन वराती

२००१मध्ये सोनी, तोशिबा आणि आयबीएम यांनी मिळून पुढच्या प्लेस्टेशनसाठी ‘सेल’ नावाचा प्रोसेसर बनवायला घेतला. पाच वर्षांत चाळीस कोटी डॉलर खर्च करण्याची घोषणा झाली. काम टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात सुरू झाले. ते अर्ध्यावर असताना मायक्रोसॉफ्ट आयबीएमकडे आली, आणि सेलसाठी घडवल्या जात असलेल्या गाभ्याचेच एक सुधारित रूप आयबीएमने तिला विकले. करारात त्याला बंदी नव्हती. त्यामुळे सोनीच्या पैशावर घडलेल्या कल्पनेचा लाभ सोनीच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळाला. मायक्रोसॉफ्टचे यंत्र २००५च्या नोव्हेंबरात आले आणि सोनीचे त्यानंतर एक वर्षाने. ऑस्टिनच्या त्या कामातल्या एका प्रमुख अभियंत्याने पुढे सहलेखिकेबरोबर पुस्तक लिहून, दोन प्रतिस्पर्ध्यांचे काम एकाच वेळी करताना झालेली कुचंबणा सविस्तर मांडली आहे.

२००६च्या अखेरीस बाजारातल्या तिन्ही प्रमुख कन्सोलमध्ये, म्हणजे सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेंडो यांच्या यंत्रांत, आयबीएमने रचलेला मुख्य प्रोसेसर होता. असे वर्चस्व त्याआधी कोणाला मिळाले नव्हते. आणि तरी सात-आठ वर्षांत ते संपले. २०१४मध्ये आयबीएमने आपले चिपचे कारखाने ग्लोबलफाउंड्रीज या कंपनीच्या हवाली केले, ते तिलाच दीड अब्ज डॉलर देण्याचे कबूल करून. घराबाहेर काढलेल्या मुलीसारखे नव्हे, तर हुंडा देऊन उजवलेल्या मुलीसारखे ते कारखाने गेले.

आयबीएमची जागा घेतली एएमडीने. तिने २००६मध्ये ५.४ अब्ज डॉलरना एटीआय विकत घेतली होती. या खरेदीच्या ओझ्याने ती वाकली. २०१२-१३मध्ये नोकरकपात झाली, ऑस्टिनमधले स्वतःचे आवार विकून तेच भाड्याने घ्यायची पाळी आली. पण त्याच खरेदीमुळे तिच्याकडे एक अशी गोष्ट होती जी दुसऱ्या कोणाकडे नव्हती : चांगला मुख्य प्रोसेसर आणि चांगला ग्राफिक्स प्रोसेसर, दोन्ही एका घरात. इंटेलकडे पहिला होता, दुसरा कच्चा होता. एनव्हीडियाकडे दुसरा होता, पहिल्याचा परवाना नव्हता. २०१३मध्ये आलेल्या ‘प्लेस्टेशन ४’ आणि ‘एक्सबॉक्स वन’ या दोन्ही यंत्रांत एएमडीची चिप होती. एनव्हीडियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने त्या वेळी सांगितले, की सोनी जी किंमत देऊ करत होती त्यासाठी दुसरी कामे सोडणे आम्हाला परवडले नसते.

त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. नफा खरोखरच तुटपुंजा होता. २०१५मध्ये एएमडीच्या शेअरची किंमत दोन डॉलरच्या खाली गेली होती. पण कन्सोलचे पैसे दर तिमाहीला येत राहिले, आणि त्या आधारावर ‘झेन’ हा नवा प्रोसेसर घडवायला वेळ मिळाला. २०१७मध्ये तो बाजारात आला आणि कंपनीचे नशीब पालटले. कन्सोलचा सौदा श्रीमंत करत नाही, पण दुष्काळात बी-बियाण्यापुरते धान्य घरात ठेवतो, असा या कहाणीचा अर्थ आहे.

म्हणूनच आता इंटेललाही तो हवासा वाटला. रॉयटर्सने सप्टेंबर २०२४मध्ये दिलेल्या वृत्तानुसार सोनीच्या पुढच्या यंत्रासाठी २०२२मध्ये इंटेल आणि एएमडी यांच्यात शेवटची लढत झाली. अडले ते प्रत्येक चिपमागे इंटेलने किती नफा घ्यायचा यावर. शिवाय जुने खेळ नव्या यंत्रावर चालायला हवेत, आणि जुन्या यंत्रांत एएमडी होती. एकदा जमलेली सोयरीक मोडणे किती महाग पडते, याचे हे उदाहरण.

मोटारीच्या दारात

मोटार-कंपनीला चिप-कंपनीचे तोंड पाहण्याची फारशी गरज पूर्वी नव्हती. ब्रेकचा संगणक, एअरबॅगचा संगणक, इंजिनाचा संगणक असे डझनावारी छोटे डबे बॉश, कॉन्टिनेंटल, डेन्सो अशा पुरवठादारांकडून यायचे. आतली चिप कोणाची हे पुरवठादार पाहायचा. मोटार पाहू लागली आणि निर्णय घेऊ लागली, तेव्हा हे डबे एका मोठ्या संगणकात विरघळू लागले आणि चिप-कंपनी थेट मोटार-कंपनीसमोर येऊन बसली.

इथे दोन प्रकारची स्थळे होती. एक मोबिलआय. १९९९मध्ये अम्नोन शाशुआ आणि झिव्ह अविराम यांनी जेरुसलेममध्ये सुरू केलेली ही कंपनी कॅमेऱ्याची चित्रे वाचणारी ‘आयक्यू’ चिप आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम, दोन्ही एकत्र, बंद पेटीसारखे देते. किंमत माफक, वीज कमी लागते, काम पक्के. पेटी उघडून पाहायची मात्र नाही. २०२१पर्यंत तिच्या दहा कोटी चिपा विकल्या गेल्या होत्या. दुसरे स्थळ एनव्हीडियाचे. ती ताकदवान, महाग आणि तापणारा संगणक देते; २०१६च्या ‘ड्राइव्ह पीएक्स २’ला थंड ठेवायला पाण्याची व्यवस्था लागे. पण त्यावरचा प्रोग्रॅम मोटार-कंपनी स्वतः लिहू शकते.

टेस्लाने पाच वर्षांत दोन्ही घरे करून पाहिली आणि मग वेगळी चूल मांडली. २०१४च्या ऑक्टोबरपासून तिच्या गाड्यांत मोबिलआयची चिप होती. मे २०१६मध्ये फ्लोरिडात ऑटोपायलटवर चाललेली एक टेस्ला आडव्या वळणाऱ्या ट्रेलरखाली घुसली आणि तिचा चालक मरण पावला. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर ट्रेलरची पांढरी बाजू ना चालकाला दिसली, ना यंत्रणेला. आडवे येणारे वाहन ओळखण्यासाठी आमची त्या वेळची प्रणाली बनवलेलीच नव्हती, असे मोबिलआयने सांगितले. जुलैत दोघांनी फारकत जाहीर केली. टेस्ला सुरक्षिततेच्या मर्यादा ताणत होती, असे शाशुआ म्हणाले. आम्ही स्वतःची दृष्टिप्रणाली घडवत आहोत हे मोबिलआयला खुपले, असे टेस्ला म्हणाली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१७मध्ये निष्कर्ष काढला, की चालक यंत्रणेवर नको इतका विसंबला आणि टेस्लाच्या रचनेने त्याला तसे विसंबू दिले.

त्याच वर्षी, २०१६च्या ऑक्टोबरात, टेस्लाच्या गाड्यांत एनव्हीडियाचा संगणक आला. एप्रिल २०१९मध्ये टेस्लाने स्वतः रचलेली, सॅमसंगकडून बनवून घेतलेली चिप जाहीर केली. एका पाटीवर दोन चिपा. एक बिघडली तर दुसरी आहे. मायक्रोसॉफ्टने २००३मध्ये जे शिकले तेच टेस्ला शिकली होती : आराखडा आपला हवा. पण त्याचबरोबर लाल दिव्यांचा हिशोबही तिच्याच माथी आला. पूर्ण स्वयंचालनाचे पैसे आगाऊ घेतलेल्या गाड्यांतला २०१९चा संगणक त्या कामाला पुरणार नाही आणि तो बदलून द्यावा लागेल, हे इलॉन मस्क यांनी जानेवारी २०२५मध्ये कबूल केले.

विक्रीनंतरचा पैसा

इतर मोटार-कंपन्यांना स्वतःची चिप घडवणे झेपणारे नव्हते. त्यामुळे चढाओढ वाढली. इंटेलने २०१७मध्ये सुमारे पंधरा अब्ज डॉलरना मोबिलआय विकत घेतली. मोबाइल फोनच्या चिपांत मुरलेल्या क्वालकॉमने २०२१मध्ये बीएमडब्ल्यूशी करार केला. हीच बीएमडब्ल्यू २०१६मध्ये इंटेल आणि मोबिलआय यांच्यासोबत व्यासपीठावर उभी होती. एनव्हीडियाने २०२०मध्ये मर्सिडीज-बेंझशी आणि २०२२मध्ये जग्वार लँड रोव्हरशी सोयरीक केली.

मर्सिडीजच्या करारात एक नवे कलम आहे. गाडी विकल्यानंतर तिच्यातल्या स्वयंचालनाच्या प्रोग्रॅमपोटी ग्राहकाकडून जे पैसे येतील, त्यांत एनव्हीडियाचाही वाटा राहील. कन्सोलच्या इतिहासापुढे हे कलम ठेवले की त्याचे महत्त्व कळते. प्रत्येक खेळामागची रॉयल्टी सोनीने घेतली, मायक्रोसॉफ्टने घेतली, निन्टेंडोने घेतली. चिप-कंपनीला मिळाली ती फक्त चिपेची घासाघीस करून ठरलेली किंमत. मोटारीच्या मेजावर बसताना चिप-कंपन्या ती जुनी चूक पुन्हा करायला तयार नाहीत. दरम्यान मोटारही कन्सोलच्या वळणावर गेली आहे : वस्तू एकदा विकायची आणि पैसे दरमहा घ्यायचे. बीएमडब्ल्यूने काही देशांत बैठक ऊबदार करण्यासाठी मासिक शुल्क लावून पाहिले आणि लोकांच्या नाराजीनंतर २०२३मध्ये सोडून दिले. टेस्लाच्या गाडीत समोरच्या पडद्यावर गाडी चालू असतानाही खेळ खेळता येत. २०२१च्या डिसेंबरात अमेरिकी सरकारने चौकशी सुरू केल्यावर ते बंद झाले. खेळ आणि मोटार यांची गाठ इतकी अक्षरशः पडेल, असे कोणाला वाटले नसेल.

या नात्यातली असमानता एका आकड्यात दिसते. जानेवारी २०२५ला संपलेल्या वर्षात एनव्हीडियाची एकूण विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर होती. त्यात मोटारींचा भाग १.७ अब्ज, म्हणजे शंभरात सव्वा. मोटार-कंपनीसाठी ही चिप म्हणजे गाडीचा मेंदू. चिप-कंपनीसाठी तो एक लहानसा विभाग. उद्या हा विभाग नको वाटला, किंवा कारखान्यातली जागा अधिक फायद्याच्या कामाला द्यावीशी वाटली, तर? एनव्हीडियाने २०१३मध्ये सोनीच्या बाबतीत नेमका हाच हिशोब मांडला होता. चीनमधल्या नियो आणि शाओपेंग या मोटार-कंपन्या एनव्हीडियाच्या चिपा घेता घेता स्वतःच्या चिपा घडवू लागल्या, त्यामागे अमेरिकी निर्यातबंदीच्या भीतीबरोबर हीही धास्ती आहे.

चाकण आणि हिंजवडी

हे सगळे दूरचे वाटेल, पण ते आपल्या दारात आहे. जग्वार लँड रोव्हर ही २००८पासून मुंबईच्या टाटांची. महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या चाकणला बनणाऱ्या विजेच्या गाड्यांत समोरचा पडदा क्वालकॉमची चिप चालवते आणि रस्ता मोबिलआयची ‘आयक्यू ६’ पाहते. एनव्हीडियाचे एक केंद्र पुण्यात आहे. हिंजवडीची केपीआयटी ही कंपनी जगभरच्या मोटार-कंपन्यांसाठी प्रोग्रॅम लिहिते. म्हणजे गाडी इथे जुळते, तिच्या प्रोग्रॅमचा काही भाग इथली मुले लिहितात. आराखड्याची मालकी मात्र इथे नाही. कन्सोलच्या इतिहासाने दाखवले ते हेच, की कष्ट आणि कौशल्य कोणाचेही असो, किंमत ठरवण्याची ताकद आराखड्याच्या मालकाकडे जाते.

ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर प्रश्न आणखी साधा आहे. बारा वर्षांचा कन्सोल माळ्यावर जातो. बारा वर्षांची मोटार आपल्याकडे दुसऱ्या, कधी तिसऱ्या मालकाच्या हाती असते आणि रोज रस्त्यावर धावते. तोवर मोटार-कंपनी आणि चिप-कंपनी यांची फारकत झालेली असू शकते; मागच्या पंचवीस वर्षांतली अशी उदाहरणे वर आलीच आहेत. अशा गाडीच्या प्रोग्रॅममधली चूक कोण दुरुस्त करणार? तिने पादचाऱ्याला ओळखले नाही, तर तपास करणाऱ्याला ती बंद पेटी कोण उघडून देणार? इंजिनाचा सुटा भाग मिळाला नाही तर गॅरेजवाला जुगाड करतो. चिपेच्या आत शिरलेल्या निर्णयाचे जुगाड होत नाही.

म्हणून या सौद्यांच्या बातम्या वाचताना कोणाची चिप किती वेगवान, या आकड्यांपाशी थांबू नये. करार किती वर्षांचा आहे, तो तुटल्यावर प्रोग्रॅमची देखभाल कोणावर बांधील आहे, आणि अपघातानंतर नोंदी कोणाच्या ताब्यात राहतात, ही माहिती आज ग्राहकाला दिली जात नाही. विम्याच्या कागदावर आणि नोंदणीच्या पुस्तकात जसा इंजिनाचा क्रमांक असतो, तशी ही माहितीही गाडीबरोबर मिळायला हवी. ती मागण्याचा हक्क गाडी घेणाऱ्याइतकाच तिच्यासमोरून रस्ता ओलांडणाऱ्याचाही आहे.